कोरडा दंश : श्रेय कोणाचे?

पावसाळा सुरू झाला, भाताच्या खाचरांत लावणीची लगबग उडाली, की खेड्यापाड्यांत एक वार्ता हमखास कानी येते : अमक्याला ‘पान लागले’. सर्पदंशाचा थेट उच्चार टाळण्यासाठी मराठी खेड्यांनी योजलेला हा शब्दप्रयोग. त्यातच या घटनेची धास्ती किती खोल आहे, हे उमगते.

मग घडते ते थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखेच. बांधावर गवत कापणाऱ्या कोणा एकाच्या पायाला नाग डसतो. फणा उभारलेला नाग चार जणांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. पायावर दातांच्या दोन खुणाही स्पष्ट दिसतात. माणसाला उचलून गावाबाहेरच्या देवळात नेतात. जाणत्याला बोलावणे जाते. मंत्र म्हटले जातात, अंगारा लावला जातो, कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन तो कडू लागतो का, हे पुन्हापुन्हा विचारले जाते. रात्रभर कोणी झोपत नाही. पहाटे तो माणूस उठून बसतो आणि चहा मागतो. जाणत्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरते.

पुढच्या वर्षी त्याच गावातल्या दुसऱ्या कोणाला तसाच नाग डसतो. त्यालाही त्याच देवळात नेतात, तेच मंत्र, तोच अंगारा, तोच पाला. उजाडण्यापूर्वी तो माणूस गेलेला असतो. ‘त्याची वेळच भरली होती,’ असे म्हणून गाव मन शांत करते.

साप तोच, उपचार तोच, मग फळ वेगळे का? या प्रश्नाचे उत्तर मंत्रात नाही, दैवातही नाही. ते सापाच्या डोळ्यामागे असलेल्या एका लहानशा ग्रंथीत आहे. पहिल्या माणसाला साप चावला होता. पण त्याने विष सोडलेच नव्हते. वैद्यकशास्त्रात याला ‘कोरडा दंश’ म्हणतात.

दंश म्हणजे विषबाधा नव्हे

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी विषारी जाती साधारण साठ; आणि मनुष्यहानीचा मोठा वाटा ज्यांच्याकडे जातो त्या प्रमुख जाती चारच : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, नानेटी, तस्कर, कवड्या हे नेहमी दृष्टीस पडणारे साप बिनविषारी आहेत. परंतु अंधारात, गवतात, भीतीच्या क्षणी कवड्या आणि मण्यार यांतला भेद कोण पाहणार? त्यामुळे ‘साप चावला’ म्हणून धावाधाव होते त्या घटनांपैकी कित्येकांत साप मुळात बिनविषारी असतो.

कोरडा दंश ही त्याहून निराळी गोष्ट आहे. येथे साप निःसंशय विषारी असतो, त्याचे दातही कातडीत शिरलेले असतात, परंतु शरीरात विष उतरत नाही, किंवा परिणाम जाणवावा इतके उतरत नाही. जखम होते, थोडे दुखते, क्वचित किंचित सूज येते आणि प्रकरण तेथेच थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान या दृष्टीने बोलके आहे. जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो. त्यांपैकी विषबाधा होते ती १८ ते २७ लाखांना. आणि मृत्यू पावतात ८१ हजार ते १ लाख ३८ हजार. म्हणजे सर्पदंश झालेल्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांच्या शरीरात विषाची बाधा होतच नाही. यांत बिनविषारी सापांचे दंश आहेत, तसेच विषारी सापांचे कोरडे दंशही आहेत.

विषाचा जपून खर्च

सापाचे विष ही त्याची मौल्यवान मिळकत आहे. वरच्या जबड्यात, डोळ्याच्या मागील बाजूस दोन्हीकडे विषग्रंथी असतात. त्यांतून एक नलिका विषदंतापर्यंत येते. विषदंत आतून पोकळ असून टोकाजवळ त्याला छिद्र असते. ग्रंथीभोवतीचे स्नायू आकुंचन पावले, की विष नलिकेतून दातात आणि दातातून भक्ष्याच्या शरीरात ढकलले जाते. घोणस व फुरसे यांचे विषदंत लांब असून एरवी ते मिटून टाळूशी दुमडलेले असतात. दंशाच्या वेळी पात्यासारखे उघडतात. नाग व मण्यार यांचे विषदंत आखूड आणि जागच्या जागी स्थिर असतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. दात रुतणे ही एक क्रिया आणि विष सोडणे ही दुसरी क्रिया. एरवी या दोन क्रिया एकापाठोपाठ होतात. पण पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच पाहिजे, असे बंधन नाही.

विष हे प्रामुख्याने प्रथिनांचे मिश्रण असून ते तयार करण्यासाठी सापाच्या शरीराला शक्ती खर्चावी लागते. रिकामी झालेली ग्रंथी पूर्ववत भरण्यास काही दिवस, प्रसंगी काही आठवडेही लागतात. विष ही मूलतः भक्ष्य मिळविण्याची सामग्री आहे. माणूस हे कोणत्याही भारतीय विषारी सापाचे भक्ष्य नव्हे. माणसाला साप चावतो तो भीतीपोटी, स्वतःच्या बचावासाठी. ‘दूर हो’ एवढेच त्याला सांगायचे असते. अशा वेळी साप विष राखून ठेवतो, असे काही अभ्यासकांचे मत आहे. अमेरिकेतील रॅटलस्नेक सापांवरील प्रयोगांत मोठ्या भक्ष्यात अधिक आणि लहान भक्ष्यात कमी विष सोडले जाते, असे दिसून आले. त्यावरून साप विषाची मात्रा ठरवू शकतो, या मताला बळ मिळाले. दुसऱ्या काही अभ्यासकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते विष किती शिरेल हे सापाच्या इच्छेपेक्षा दाताचा कोन, कातडीचा व पेशींचा विरोध आणि दंशाचा कालावधी यांवर अधिक अवलंबून असते. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

याखेरीज काही कारणे अगदी यांत्रिक आहेत. दंश ओझरता झाला, जाड कपड्यातून किंवा बुटावरून झाला, विषदंत तुटलेला असला, नलिकेत अडथळा असला, अथवा नुकतेच एखादे भक्ष्य टिपल्यामुळे ग्रंथी बरीचशी रिकामी झालेली असली, तर विष पोहोचत नाही. एकाच जातीचे दोन साप, किंबहुना एकच साप दोन वेळा, दोन निरनिराळ्या प्रकारचे दंश करू शकतो. एकदा कोरडा आणि दुसऱ्यांदा प्राणघातक.

पेनांगच्या रुग्णालयातील नोंदी

या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष वेधणाऱ्यांमध्ये ॲलिस्टेअर रीड या ब्रिटिश वैद्याचे नाव महत्त्वाचे आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत ते तत्कालीन मलायातील पेनांग येथे कार्यरत होते. समुद्रसापांनी दंश केलेले कोळी आणि रबराच्या मळ्यांत काम करताना मलायी पिट व्हायपर या सापाने चावलेले मजूर त्यांच्याकडे येत. प्रत्येक रुग्णाची काटेकोर नोंद ठेवून त्यांनी असे दाखवून दिले, की समुद्रसापाचे विष अतिशय जहाल असूनही दंश झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना गंभीर विषबाधा होत नाही. आणि पिट व्हायपरच्या बाबतीतही जवळजवळ निम्म्या रुग्णांत विषबाधा नसते किंवा अगदी सौम्य असते.

निरनिराळ्या देशांत पुढे झालेल्या निरीक्षणांत हे प्रमाण सापाच्या जातीनुसार आणि प्रदेशानुसार बदलताना दिसते. काही ठिकाणी विषारी सापांच्या शंभर दंशांत चार-पाचच कोरडे आढळले, तर काही ठिकाणी पन्नासच्या आसपास. त्यामुळे ‘इतके टक्के दंश कोरडे असतात’ असे सरसकट विधान करता येत नाही. कोरडा दंश ही दुर्मीळ चमत्कारात मोडणारी गोष्ट मात्र खचितच नाही.

एकेरी नोंदीची वही

आता पुन्हा त्या देवळाकडे वळू. समजा, कोणा एका जाणत्याकडे त्याच्या उभ्या आयुष्यात सर्पदंशाची शंभर माणसे आली. केवळ हिशेबासाठी असे धरू, की त्यांतील साठ जणांना बिनविषारी साप चावले होते. उरलेल्या चाळिसांपैकी दहा दंश कोरडे होते आणि आणखी दहा जणांच्या अंगात विष गेले, पण जिवावर बेतण्याइतके नाही. म्हणजे शंभरांपैकी ऐंशी माणसे, त्याने काहीही केले असते किंवा काहीही केले नसते, तरी वाचणारच होती. मंत्र येवोत वा न येवोत, त्याच्या नावावर ऐंशी यश जमा होतात. राहिलेल्या वीस माणसांचे काय झाले, हे गाव फार काळ आठवत नाही. ‘उशिरा आणले’, ‘वाटेत विटाळ झाला’, ‘दैवच फिरले’ अशा कारणांखाली ती प्रकरणे मिटतात.

हिशेबशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर ही एकेरी नोंदीची वही आहे. जमेच्या बाजूला सर्व काही लिहिले जाते, नावे बाजू कोरी राहते. अशा वहीवरून कोणताही धंदा भरभराटीस आलेला दिसेल. आपल्या पूर्वजांनी याला ‘काकतालीय न्याय’ असे समर्पक नाव दिले आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. असा जाणता दरवेळी लबाड असतोच असे नाही. कित्येक गावांत तो एक पैसाही घेत नाही. रात्री-अपरात्री हाक मारली तरी धावत येतो. आणि आपल्या मंत्राने विष उतरते यावर त्याची स्वतःची मनोभावे श्रद्धा असते. त्याने डोळ्यांनी ऐंशी माणसे उठून जाताना पाहिलेली असतात. कोरडा दंश प्रथम त्यालाच फसवितो आणि मग त्याच्यामार्फत साऱ्या गावाला.

ही फसगत केवळ खेड्यांची नव्हती. कलकत्त्याचे शल्यचिकित्सक जोसेफ फेरर यांनी भारतातील विषारी सापांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १८७२ मध्ये प्रकाशित केला. त्या काळी रामबाण म्हणून नावाजलेली नाना औषधे त्यांनी जनावरांवर प्रयोग करून तपासली. खरोखर विष टोचल्यावर त्यांतील एकही भरवशाचे ठरले नाही. परिणामकारक उपाय हाती आला तो त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषाविरुद्ध पहिले प्रतिविष तयार केले. आज भारतात वापरले जाणारे प्रतिविष त्याच तत्त्वावर, घोड्यांच्या शरीरात विषाची अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचून तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून बनविले जाते. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते.

जाणत्यांचीही फसगत

‘कोरडा दंश ही इतकी सामान्य गोष्ट असेल, तर घाबरायचे कशाला? थोडी वाट पाहावी,’ असा विचार येथे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. हाच विचार सर्वांत घातक आहे. कारण दंशाच्या क्षणी तो कोरडा आहे की नाही, हे ओळखण्याचे कोणतेही साधन कोणाहीपाशी नाही, सर्पतज्ज्ञांपाशीही नाही.

शिकागो येथील फील्ड संग्रहालयातील कार्ल श्मिट हे विसाव्या शतकातील नामवंत सर्पशास्त्रज्ञ. २५ सप्टेंबर १९५७ रोजी ओळख पटविण्यासाठी आलेला आफ्रिकेतील बूमस्लँग जातीचा एक लहान साप हाताळताना तो त्यांच्या अंगठ्याला चावला. साप कोवळा, दात एकच लागलेला, तोही जेमतेम तीन मिलिमीटर शिरलेला. श्मिट यांना त्यात जिवाचा धोका वाटला नाही. शास्त्रज्ञाच्या वृत्तीने ते आपल्या प्रकृतीतील बदल टिपत राहिले. रात्री मळमळ झाली, हिरड्यांतून रक्त आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बरे वाटले, त्यांनी न्याहारी केली. त्याच दिवशी दुपारी त्यांचा मृत्यू झाला.

कॅलिफोर्नियातील सर्पशास्त्रज्ञ जोसेफ स्लोविन्स्की ११ सप्टेंबर २००१ रोजी उत्तर म्यानमारच्या दुर्गम भागात संशोधन-मोहिमेवर होते. मण्यारीच्या कुळातील एक लहानसा साप त्यांच्या बोटाला चावला. जखमेची खूण जवळजवळ दिसतच नव्हती. काही तासांतच त्यांचे स्नायू एकेक करून निकामी होत गेले. पावसामुळे वेळेवर मदत पोहोचू शकली नाही. सहकाऱ्यांनी तोंडाने श्वास देऊन त्यांना तासन् तास जगविण्याची शर्थ केली, तरीही दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

ज्यांचे आयुष्य सापांच्या अभ्यासात गेले, त्यांना जे ओळखता आले नाही ते देवळातल्या पाराजवळ कंदिलाच्या उजेडात कोण ओळखणार?

आपल्याकडे तर मण्यार हा सापच असा आहे, की त्याचा दंश कोरडा नसूनही तसा भासतो. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. तिचे दात बारीक. वेदना जवळजवळ नाही, सूज नाही, खूण शोधूनही सापडत नाही. मुंगी चावली असेल म्हणून माणूस कूस बदलतो. पहाटेच्या सुमारास पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वास चालविणारे स्नायू थकतात. त्या पहिल्या दोन-चार तासांत ‘काही झालेले नाही’ असे कोणीही शपथेवर सांगेल.

याउलटही घडते. कोरडा दंश झालेला माणूस भीतीनेच अर्धमेला होतो. छाती धडधडते, घाम सुटतो, हातापायांना मुंग्या येतात, भोवळ येते. ही लक्षणे विषाची नसून भयाची असतात. पण पाहणाऱ्याला ती विषाचीच वाटतात. अशा माणसाला कोणी धीर दिला, की तो सावरतो. आणि विष उतरल्याची ख्याती पुन्हा मंत्राच्या पदरी पडते.

चोवीस तासांनी निघणारा निष्कर्ष

कोरडा दंश हे दंशाच्या वेळी करावयाचे निदान नव्हे; ते चोवीस तासांनी मागे वळून पाहून काढावयाचे अनुमान आहे. ज्याप्रमाणे वर्ष संपून ताळेबंद मांडल्याशिवाय नफा झाला की तोटा हे सांगता येत नाही, त्याचप्रमाणे निरीक्षणाचा काळ पूर्ण झाल्याशिवाय ‘हा दंश कोरडा होता’ असे म्हणता येत नाही. म्हणूनच भारतातील उपचार-मार्गदर्शिकेनुसार सर्पदंशाच्या रुग्णाला, कोणतेही लक्षण दिसत नसले तरी, चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले जाते.

या देखरेखीत मोठी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. सूज वाढते आहे का, पापण्या उघडता येतात का, मान उचलता येते का, लघवीत किंवा हिरड्यांतून रक्त येते का, हे ठरावीक अंतराने पाहिले जाते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडविते. ते ओळखण्याची कसोटी तर अगदी साधी आहे. रुग्णाचे थोडेसे ताजे रक्त काचेच्या स्वच्छ व कोरड्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे हलविल्याविना उभी ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठले असेल, तर त्या क्षणापुरता दिलासा. पातळच राहिले असेल, तर विष कामाला लागले आहे. ही कसोटी पुन्हापुन्हा करतात. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होऊ शकते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. रुग्णालयात गेल्याबरोबर इंजेक्शन दिले नाही, म्हणून नातेवाईक कधी कधी डॉक्टरांवर संतापतात. परंतु विषबाधेची लक्षणे असल्याखेरीज प्रतिविष देऊ नये, हाच शास्त्रीय नियम आहे. घोड्याच्या रक्तातील प्रथिनांपासून बनलेले हे औषध काही रुग्णांत तीव्र, प्रसंगी जीवघेणी प्रतिक्रिया निर्माण करते. कोरड्या दंशाच्या रुग्णाला ते देणे म्हणजे जो धोका नव्हताच तो ओढवून घेणे होय. शिवाय ज्याला खरोखर गरज आहे त्याच्या वाट्याच्या कुप्याही त्यात खर्ची पडतात. ‘पाहत थांबणे’ हाही येथे उपचारच आहे, मात्र तो रुग्णालयातच. घरी किंवा देवळात थांबणे आणि रुग्णालयात थांबणे यांत फरक असा, की एका ठिकाणी पापणी मिटू लागली तर औषध आणि कृत्रिम श्वासाची सोय हाताशी असते; दुसऱ्या ठिकाणी केवळ आशा.

पहिल्या घटकेत काय करावे?

दंश झालेल्या माणसाला प्रथम धीर द्यावा. चावलेला साप विषारी असेलच असे नाही आणि विषारी असला तरी विष गेले असेलच असे नाही, ही दोन सत्ये त्याला आवर्जून सांगावीत. त्याला चालू वा पळू देऊ नये. दंश झालेला हात वा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावेत. सूज आल्यावर ते निघत नाहीत. दंशाची वेळ लक्षात ठेवावी. बहुतेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तिला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

घट्ट दोरी आवळू नये. त्याने रक्तपुरवठा थांबून अवयव गमावण्याची पाळी येते. जखमेवर चीर देऊ नये, तोंडाने चोखू नये, बर्फ किंवा औषधी पाला लावू नये. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ दवडू नये. त्या खटपटीत दुसऱ्यालाही दंश झाल्याची उदाहरणे आहेत. सुरक्षित अंतरावरून मोबाईलवर छायाचित्र घेता आले तर घ्यावे, एवढेच.

दंश टाळण्याचे उपायही खर्चिक नाहीत. रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नये, शेतात गमबूट वापरावेत, खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यारीपासून रक्षण करणारे याहून स्वस्त साधन नाही.

नोंदीचे मोल

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज एका व्यापक राष्ट्रीय मृत्यू-अभ्यासातून २०२० मध्ये पुढे आला. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार. त्यांतील सुमारे निम्मे ३० ते ६९ या वयोगटातील, म्हणजे घर चालविणारे. आणि पाव हिश्श्याहून अधिक १५ वर्षांखालील मुले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांतले. यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागात, रुग्णालयाबाहेर घडले आणि त्यामुळे शासकीय दप्तरात त्यांची नोंद झालीच नाही.

आता चित्र बदलू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाच्या विषबाधेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत समावेश केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंश नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची प्रत्येक घटना कळविणे बंधनकारक करावे, असे राज्यांना सुचविले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. महाडसारख्या ठिकाणी राहून विंचूदंश व सर्पदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. त्यांच्या कार्याचा पायाही रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या या दुहेरी नोंदीतच होता. कोण वाचला हे जसे लिहिले, तसे कोण वाचला नाही आणि का, हेही लिहिले.

या नोंदीला एक व्यावहारिक बाजूही आहे. २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपये हप्त्यात २ लाख रुपयांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण मिळते. सर्पदंशाचा उल्लेख या योजनेच्या नियमांत स्पष्टपणे आहे. मात्र मृत्यूचे कारण तत्काळ झालेल्या रुग्णालयीन नोंदीने सिद्ध व्हावे लागते. ज्या घरातला कर्ता माणूस देवळाच्या ओसरीवर रात्र काढून गेला, त्या घराकडे अशी नोंद नसते. जीव जातो तो जातोच. मागे राहिलेल्या पत्नीला आणि मुलांना हक्काच्या रकमेसाठीही कागद उरत नाही.

गावातील जाणत्या माणसालाही या कार्यात मोठा वाटा उचलता येईल. रात्री-अपरात्री लोक प्रथम त्याच्याच दाराशी जातात आणि त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवतात. त्याने हवे तर मंत्र म्हणावा, पण तो रुग्णवाहिकेत बसून. दंश कोरडा असेल, तर माणूस चोवीस तासांनी रुग्णालयातून चालत घरी येईल आणि तेथेही चहा मागेल. दंश कोरडा नसेल, तर तोच माणूस, त्याच्या शब्दावर वेळेत निघाल्यामुळे, दोन-चार दिवस उशिरा का होईना, पण घरी येईल. या दुसऱ्या माणसाच्या वाचण्याचे श्रेय मात्र त्या जाणत्याला निःशंकपणे द्यावे. कारण ते खरोखरच त्याचे असेल.